ही माश्या मारायची डिग्री नव्हे!

बारावीनंतर माझ्या मामेबहिणीने बीएफएससीला ॲडमिशन घेतली, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला होता, ‘म्हणजे आता चार वर्षं माश्या मारणार का?’ खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. तिने शांतपणे उत्तर टाकलं, ‘माश्या नाही काका, मासे. आणि मारणार नाही, मोजणार.’

त्याला आता चार वर्षं झाली. ती शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा देऊन मोकळी झालीय आणि मी मास कम्युनिकेशन संपवून या पुरवणीत इंटर्न म्हणून लागलेय. ‘जरा ऑफबीट कोर्सेसवर लिही’ असं मला सांगितलं गेलं, तेव्हा पहिली तीच आठवली. मग माझं मलाच हसू आलं. रत्नागिरीत मासे कधीपासून ऑफबीट झाले? ज्या घरांत सकाळी मासेवाली आली नाही तर स्वयंपाकाचं गणित चुकतं, त्या घरांतल्या मुलांना बारावीनंतरचं इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग, अगदी हॉटेल मॅनेजमेंटही माहीत असतं. फिशरीज मात्र माहीत नसतं. मीही त्यातलीच.

‘लिही, पण माझं नाव टाकू नकोस,’ ती म्हणाली. ‘बाबा ही पुरवणी वाचतात.’

बाबा म्हणजे माझे मामा. मामांचा ट्रॉलर आहे. आणि या लेखातलं अर्धं भांडण त्यांचंच आहे.

शिरगावात काय चालतं?

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की शिरगाव येतं. इथलं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासूनचं, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. देशातलं पहिलं फिशरीज कॉलेज मंगळुरूला १९६९ मध्ये निघालं, त्यानंतर बारा वर्षांनी आपल्याकडे. नंतर नागपूर आणि उदगीरलाही अशी कॉलेजं झाली. तिथे कुठला आलाय समुद्र, असं मीही विचारलं होतं. बहिणीने माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘रोहू, कटला काय समुद्रात मिळतात? तलाव, धरणं, शेततळी, सगळीकडे मासे वाढवतात गं.’

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत झाडगावचं मत्स्यालय पाहिलेलं असतं. देवमाशाचा तो प्रचंड सांगाडा बघून ‘बाप रे’ म्हटलेलं असतं आणि मग बाहेर येऊन आइसक्रीम खाल्लेलं असतं. पण ते मत्स्यालय ज्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे, ते केंद्र १९५८ पासून इथे काम करतंय, हे मला या लेखाच्या निमित्ताने कळलं.

बीएफएससी म्हणजे बॅचलर ऑफ फिशरी सायन्स. चार वर्षं, आठ सेमिस्टर. ‘मासे वाचवा’ छाप निबंध लिहायचा हा कोर्स नाही. मत्स्यसंवर्धन, म्हणजे मासे-कोळंबी वाढवणं. मत्स्य जीवशास्त्र. पाण्याचा अभ्यास. माशांचे रोग. बोटी, इंजिनं आणि जाळी. प्रक्रिया, म्हणजे मासा बोटीवरून उतरल्यापासून पाकिटात जाईपर्यंतचा प्रवास. शिवाय अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मच्छीमारांशी बोलायचं कसं हे शिकवणारा विस्तार शिक्षण नावाचा विषय. शेवटच्या वर्षात वर्गातलं शिक्षण कमी आणि बाहेरचं जास्त. गावात राहायचं, कंपनीत काम करायचं, स्वतः काहीतरी वाढवून किंवा बनवून विकून बघायचं.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वैताग नावांचा. घरी ज्याला बांगडा म्हणतात तो परीक्षेत ‘रॅस्ट्रेलिगर कानागुर्ता’ होतो. ती म्हणाली, ‘मी रात्रभर घोकत होते, हे कसलं लॅटिन म्हणून. मग कळलं, कानागुर्ता हा शब्द लॅटिनच नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर त्या माशाला जे म्हणतात, तेच एका शास्त्रज्ञाने उचललं.’ म्हणजे दोनशेएक वर्षांपूर्वीही माशाचं नाव विचारायला शास्त्राला किनाऱ्यावरच जावं लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिने मला फोनवर विचारलं होतं, ‘जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, माहितीय?’ मला वाटलं, चेष्टा करतेय. पण हे खरं आहे. आणि ते कळल्यावर बाजारात दिसणारा मोठा जिताडा वेगळा दिसायला लागतो. मोठे मोठे जिताडेच वेचून पकडत राहिलो, तर अंडी घालणाऱ्या माद्याच आपण काढून घेतोय.

तिसऱ्या वर्षी प्रक्रिया. हॉटेलात आपण जे ‘क्रॅब स्टिक’ हौसेने मागवतो, त्यात मुख्य माल असतो तो माशाच्या धुतलेल्या लगद्याचा, म्हणजे सुरीमीचा. राणी माशासारखे, एरवी ताटात ज्यांना फारसा मान नाही असे मासे त्यासाठी वापरतात. आणि देशातल्या सुरीमी उद्योगातलं एक मोठं नाव, गद्रे मरीन, आपल्या रत्नागिरीचंच. बर्फाचंही शास्त्र असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक किलो माशाला साधारण एक किलो बर्फ हवा. ‘मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं,’ ती म्हणते, ‘तर बाबा म्हणाले, बर्फाचं बिल तुझ्या कॉलेजला पाठवू का?’

बोटवाल्याची मुलगी आणि उलटी

एक गोष्ट तिने मला आधी कधीच सांगितली नव्हती. मामांची बोट ती जन्मल्यापासून आहे. बोटीची पूजा असली की ती सगळ्यात पुढे. नारळी पौर्णिमेला नवीन ड्रेस. पण बोट समुद्रात निघाली की ती जेट्टीवर उभी. मुली बोटीवर जात नाहीत. कोणी तसं ओरडून सांगत नाही, पण जात नाहीत.

‘मी पहिल्यांदा खऱ्या समुद्रात गेले, ती कोर्सच्या प्रॅक्टिकलला. किनारा दिसेनासा झाला आणि मी उलट्या सुरू केल्या. माझ्या शेजारी लातूरचा एक मुलगा होता, त्याने समुद्रच पहिल्यांदा बघितला होता. तो मस्त उभा. मला म्हणतो, तुमच्या तर घरची बोट आहे ना?’

त्या दिवशी घरी आल्यावर तिने मामांना विचारलं, की तुम्ही मला कधी नेलं का नाही. मामा काही बोलले नाहीत. मामी म्हणाल्या, ‘नेऊन काय करणार होतीस?’

तिच्या बॅचमध्ये अशा दोन जाती आहेत, ती हसत सांगते. एक, ज्यांच्या घरी बोट आहे. त्यांना मासा हातात धरला की ताजा-शिळा कळतो, पण ग्राफ बघितला की झोप येते. दुसरी, ज्यांनी मेडिकलचा नंबर हुकला म्हणून फॉर्म भरला. त्यांना ग्राफ येतो, पण पापलेट आणि हलवा यात गडबड होते. चार वर्षांत दोघं एकमेकांना शिकवतात. ‘मला संख्याशास्त्र त्या लातूरच्या मुलाने शिकवलं. मी त्याला काटे काढून बांगडा खायला शिकवलं.’

कांद्याची पिशवी

आता भांडणाकडे येऊ.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मी मामांकडे गेले ते याच दिवसांत. बाहेर पाऊस धो धो. पडवीत मामा जाळं पसरून बसलेले, सोबत एक जुना खलाशी. बहिणीने स्वयंपाकघरातून कांद्याची रिकामी जाळीदार पिशवी आणली. लाल, प्लॅस्टिकची, आपल्या सगळ्यांच्या घरी असते ती.

‘ही बघ,’ ती मला म्हणाली, पण आवाज मामांना ऐकू जाईल एवढा. ‘आता हिची भोकं केवढी दिसतायत? बोट जातंय ना आरपार? आता ओढ.’

मी पिशवी दोन्ही बाजूंनी ओढली. भोकं मिटली.

जाळ्याच्या भोकाला इकडे ‘आस’ म्हणतात. ट्रॉलरचं नेहमीचं जाळं शंकरपाळीच्या आकाराच्या आसाचं. बोट ते ओढायला लागली आणि मागच्या पिशवीत मासा भरला, की ताण येतो आणि शंकरपाळी मिटते. मग आस कागदावर कितीही मोठा असला, तरी बारकं पिल्लू बाहेर पडू शकत नाही. आस चौकोनी ठेवला तर ताण आला तरी तो उघडा राहतो. पिल्लू निसटतं, मोठा मासा आत राहतो. जाळ्याच्या मागच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावण्याचा प्रयोग शेजारच्या सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने झालेला आहे.

मला हे एका मिनिटात पटलं. मी मामांकडे पाहिलं.

मामा सुतळी दातात धरून म्हणाले, ‘हां. आता मी सांगू?’

‘सांगा.’

‘हे मला तुझ्या बहिणीच्या आधीपासून ठाऊक आहे गो. तीस वर्षं जाळं ओढतोय. पिल्लू मेलं की पुढच्या वर्षी मासा नाय, हे कळायला डिग्री नको. पण मी एकट्याने चौकोनी लावलं, तर माझ्या जाळ्यातून सुटलेलं पिल्लू जाणार कुठे? बाजूच्या बोटीच्या जाळ्यात. त्याचं डिझेल निघणार, माझं नाय. मग बँकेचा हप्ता काय ते पिल्लू भरणार?’

पडवीत कोणीच बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा.

मला वाटलं, झालं, मामा जिंकले. पण बहीण म्हणाली, ‘बाबा, हाच तर आमचा विषय आहे.’

मासे नाही, माणसं

तिला पुढे एमएफएससी करायचंय. दोन वर्षांची मास्टर्स. विषय, ‘फिशरीज रिसोर्स मॅनेजमेंट’. मराठीत मत्स्यसंपदा व्यवस्थापन. मासे तर ऐकत नाहीत. म्हणजे व्यवस्थापन करायचं ते माणसांचं. किती बोटींनी, कोणत्या महिन्यात, कसल्या जाळ्याने, केवढा मासा पकडायचा. आणि हे ठरवायचं तर समुद्रात किती मासा आहे याचा अंदाज हवा. समुद्रात उतरून डोकी मोजता येत नाहीत. म्हणून जेट्टीवर उतरलेला मासा मोजायचा.

शेवटच्या वर्षात तिने तेच केलं. पहाटे मिरकरवाड्याला जायचं. बोटी लागतात, क्रेट उतरतात, लिलावाचा गलका सुरू होतो. त्या गर्दीत एक मुलगी मोजपट्टी आणि वही घेऊन बांगडे मोजतेय. तोंडापासून शेपटीपर्यंत किती सेंटीमीटर. पोट फाडून गाभोळी किती पिकलीय. माशाच्या डोक्यात कानाजवळ एक छोटासा खडा असतो, झाडाच्या खोडावर असतात तशी वाढीची वर्तुळं त्याच्यावर असतात. ती मोजून माशाचं वय काढतात. हजारो माशांची अशी मापं मिळाली, की किती मासे कोणत्या वयात मरतायत आणि पिल्लं घालायच्या आधीच किती उचलले जातायत, हे गणिताने काढता येतं.

‘लोक काय म्हणायचे?’ मी विचारलं.

‘पहिल्या आठवड्यात सरकारी माणूस समजून कोणी जवळ येऊ देईना. मग एक मासेवाली म्हणाली, अगो ही त्या अमक्याची पोरगी. मग बसायला क्रेट मिळाला. चहापण.’

हे मोजणं वहीत राहत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे बरेचसे नियम अशाच मोजण्यातून आलेत. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मासेमारी आणि परवान्यांवर मर्यादा. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी ‘यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही’ अशी किमान लांबी ठरवून दिली गेली. ही लांबी कुठून आली? कोचीच्या सीएमएफआरआयसारख्या संस्थांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं जेट्टीवर बसून मासे मोजले, त्यातून.

आणि गरज किती आहे? सीएमएफआरआयच्याच आकड्यांनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण २.९५ लाख टन मासा उतरला होता. २०१९ मध्ये तो २.०१ लाख टनांवर आला. ४५ वर्षांतला सगळ्यात कमी. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळं लागोपाठ आली, बोटी कितीतरी दिवस बंदरात होत्या, हे खरं. पण सगळा दोष वादळाला देऊन भागणार नाही, हे मामाही मान्य करतात.

मी घरी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा मामा म्हणाले, ‘त्या वर्षी आम्ही तुझ्या मामीची पाटली मोडली.’ आकडेवारीत ही पाटली कुठेच नाही. बहिणीने ती गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

मग तिने मामांना जे सांगितलं, ते मला आवडलं. ‘बाबा, आपण भात काढतो तेव्हा बियाण्याचं वेगळं ठेवतो ना? कितीही ओढाताण झाली तरी आजी त्याला हात लावू देत नव्हती. पण ते आपलं शेत होतं, आपलंच बियाणं. समुद्रात बियाणं सगळ्यांचं आहे. म्हणून कोणीच राखत नाही. एकट्याने राखून चालत नाही, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. सगळ्या बोटींनी एका वेळी जाळं बदललं, तरच होणार. ते कसं करायचं, हे मला शिकायचंय.’

मामा म्हणाले, ‘सगळ्या बोटी? तू सोसायटीच्या मीटिंगला आली नायस अजून.’

‘मुलींना बोलावता का तुम्ही?’

खलाशी खो खो हसला. मामापण हसले, पण जरा उशिराने.

पण नोकरीचं काय?

प्रत्येक करिअर लेखात हा परिच्छेद असतो आणि वाचणारे आधी तोच वाचतात. मीही वाचते.

फिशरीज करून नोकऱ्या आहेत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात अधिकारी पदं आहेत, पण त्यांच्या जाहिराती दरवर्षी येतीलच असं नाही. बँकांत ‘ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसर’ हे पद असतं, त्याच्या आयबीपीएसच्या परीक्षेला फिशरीजवाले चालतात. तिच्या बॅचमधले निम्मे याच अभ्यासाला लागलेत. निर्यातीच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल, कोळंबीच्या हॅचऱ्या, खाद्याच्या कंपन्या यांत खासगी नोकऱ्या मिळतात. त्यातल्या बऱ्याच आंध्र, गुजरातकडे. संशोधनात जायचं तर एमएफएससी, मग पीएचडी.

धंदा छोटा नाही. २०२३-२४ मध्ये भारताने ६० हजार ५२३ कोटी रुपयांची मासळी निर्यात केली, त्यात सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा. पण बाहेरच्या बाजाराचेही नियम असतात. समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी घेणं अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवलं. का? तर आपल्या ट्रॉलच्या जाळ्यांना कासवांना बाहेर पडायला वाट नाही. इकडे वेळासला आपण कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना सेल्फी काढतो आणि तिकडे कासवामुळे कोळंबी अडते. ही वाट जाळ्यात कशी बसवायची, आणि ती बसवल्यावर किती कोळंबी निसटेल या मच्छीमारांच्या भीतीचं उत्तर काय, हे सांगणारं कोणीतरी लागणारच आहे.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. खाडीत खेकडे, कालवं, शोभेचे मासे वाढवण्यासाठी कांदळवन कक्षाची योजना आहे. या सगळ्याला शिकलेली माणसं लागतील. पण ‘लागतील’ आणि ‘ऑर्डर हातात आली’ यात फरक असतो, आणि तो फरक घरच्यांना बरोबर कळतो.

मामींचं म्हणणं सोपं आहे. ‘आधी बँकेत लाग. मग जेट्टीवर बसून किती मासे मोजायचे ते मोज.’ मामांच्या बोटीवर कर्ज आहे. धाकटा भाऊ दहावीला. दोन वर्षं मास्टर्स म्हणजे दोन वर्षं पगार नाही. स्कॉलरशिप मिळाली तर ठीक. बहीण यावर वाद घालत नाही. ती म्हणाली, ‘आई चुकीचं नाही बोलत. म्हणूनच त्रास होतो.’

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, सगळे तिला ‘सीफे’ म्हणतात. १९६१ ची, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. तिला तिथे जायचंय. नाही मिळालं तर शिरगावातच एमएफएससी. तिने मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केलाय आणि बँकेच्या परीक्षेचाही. एकाच टेबलवर दोन ढीग. एकात माशांच्या लोकसंख्येची समीकरणं, दुसऱ्यात रीझनिंगची पुस्तकं.

‘तुला काय वाटतं, काय होईल?’ मी निघताना विचारलं.

‘जे आधी लागेल ते,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘पण बँकेत लागले तरी बोटींच्या कर्जाचे कागद माझ्यासमोरच येणार ना? तेव्हा तरी विचारता येईल, जाळं कुठलं लावताय.’

एक ऑगस्ट

रत्नागिरी स्टेशनला सोडायला मामा आले होते. रिक्षात मागे माझी बॅग आणि आईसाठी सुक्या बांगड्यांचं पार्सल. मी विचारलं, ‘मामा, तिने मास्टर्स करावं की नोकरी?’

मामा समोर बघत म्हणाले, ‘मी तिला एक सांगितलंय. एक तारखेला बोटी सुटल्या, की परत आल्यावर पट्टी घेऊन ये. आपल्या जाळ्यातलं मोज. बाजूच्या बोटींचंपण मोज, मी सांगतो त्यांना. बघू तर खरं, किती पिल्लू मारतो आपण. पण कोणाचं नाव लिहू नको.’

मी म्हटलं, ‘नाव नाही लिहीत.’

तर मामा, हे तुम्ही वाचत असाल. नाव नाही लिहिलंय.

चौकट: बीएफएससीला जायचंय?

● पात्रता : बारावी विज्ञान. जीवशास्त्र हवं, फक्त गणित घेऊन चालत नाही. राज्यातल्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. काही जागा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कोट्यातून भरतात, त्यासाठी सीयूईटी. त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचूनच फॉर्म भरा.

● कुठे : शिरगाव (रत्नागिरी), नागपूर, उदगीर.

● नंतर : एमएफएससी (दोन वर्षं) आणि पीएचडी. शिरगावात दोन्ही करता येतं. वर्सोव्याच्या संस्थेत प्रवेश देशभरातल्या मुलांसाठी खुला, त्यामुळे स्पर्धा जास्त.

● भाषा : पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिली दोन सेमिस्टर जड जातात. सीनियर्सच्या नोट्स आत्ताच मागून ठेवा.

● आणि एक : फॉर्म भरण्याआधी एकदा पहाटे जवळच्या बंदरावर जाऊन या. वास, चिखल, गलका सगळ्यासकट. तासाभराने घरी जावंसं वाटलं नाही, तर हा कोर्स तुमच्यासाठी आहे.